पार्श्वभूमी : प्रकाश देणारे पॉलिमर आणि विरघळण्याचा प्रश्न
१९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा काम करत त्या प्रयोगशाळेत अॅसिटिलीनचे पॉलिमर (लहान रेणू जोडून झालेली लांब साखळी), म्हणजे पॉलिअॅसिटिलीन, बनवताना एका पाहुण्या संशोधकाकडून उत्प्रेरक ठरल्याच्या सुमारे हजारपट पडला. एरवी काळी भुकटी हाती येई. त्या दिवशी द्रवावर साय धरावी तसा चंदेरी पापुद्रा धरला. दहा वर्षांनी अॅलन मॅकडायर्मिड आणि अॅलन हीगर यांच्यासोबत शिराकावा यांनी तशाच पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली, आणि त्याची विद्युतवाहकता लाखो पटींनी वाढली. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना मिळाले.

पॉलिमर आणि प्रकाश यांची ओळख मात्र त्याआधीची. उजेड पडला की वीज वाहू देणारे पॉलिव्हिनाइल कार्बाझोल १९७० मध्येच आयबीएमच्या कॉपियरमध्ये वापरात आले होते.

पॉलिअॅसिटिलीनची खरी अडचण वेगळीच होती. एकाआड एक एकेरी आणि दुहेरी बंध असलेल्या साखळीवर इलेक्ट्रॉन पसरतात, म्हणून ती वीज वाहते. पण त्याच बंधांमुळे साखळी ताठ होते, शेजारच्या साखळीला घट्ट चिकटते, आणि पदार्थ ना विरघळतो ना वितळतो. शिवाय हवेत तो लवकर खराब होतो. माझ्या मते या क्षेत्राचा पुढचा सगळा इतिहास एकाच धडपडीचा आहे : गुण न गमावता हा पदार्थ विरघळवायचा कसा?

केंब्रिजच्या बरोज, ब्रॅडली, फ्रेंड आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक वळसा घेतला. पॉलिफेनिलीन व्हिनिलीन, म्हणजे पीपीव्ही, विरघळत नाही. मग त्यांनी आधी त्याचे विरघळणारे पूर्वरूप काचेवर पसरवले आणि तापवून तिथेच पीपीव्ही घडवले. एका बाजूने इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूने धन-पोकळ्या (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, ज्या धनभारासारख्या वागतात) आत सोडल्या, आणि जिथे त्या भेटल्या तिथे पिवळसर हिरवा उजेड पडला. हजार इलेक्ट्रॉनमागे एक फोटॉनही (प्रकाशकण) बाहेर येत नव्हता, तरी त्या मंद उजेडाचे मोल मला फार वाटते : साध्या द्रावणातून पसरवलेला पातळ थर दिवा झाला होता.

हीगर यांच्या गटाने पुढच्याच वर्षी याहून सरळ उपाय वापरला. साखळीला बाजूने लवचीक शेपट्या जोडल्या की साखळ्या एकमेकींपासून सुटतात आणि द्रावकात उतरतात. अशा शेपट्या जोडलेले पीपीव्ही, म्हणजे एमईएच-पीपीव्ही, नारिंगी प्रकाश देते. आजही नवे पॉलिमर आखताना बाजूच्या साखळ्यांवर मुख्य साखळीइतकाच विचार होतो.

विरघळणे जमल्यामुळे सौरघटालाही दार उघडले. प्रकाशाने उत्तेजित झालेली ऊर्जा पॉलिमरमध्ये सुमारे १० नॅनोमीटरच प्रवास करते आणि विझते. तेवढ्या अंतरात इलेक्ट्रॉन घेणारा कुणी भेटायला हवा. १९९५ मध्ये पॉलिमर आणि फुलरीन (इलेक्ट्रॉन ओढून घेणारा, कार्बनचा चेंडूसारखा रेणू) एकाच द्रावणात मिसळून थर दिला गेला. वाळताना दोन्ही आपोआप एकमेकांत गुंतून बसले.

पण विरघळण्याची किंमतही मोजावी लागली. एका थरावर दुसरा थर द्यायचा, तर वरचा द्रावक खालचा थरच धुऊन नेतो. पाण्यात पसरवता येणारे पेडॉट:पीएसएस हे वीज वाहणारे पॉलिमर तळाशी टिकते, कारण वरचे सेंद्रिय द्रावक त्याला हलवत नाहीत. फोनच्या ओएलईडी (स्वतः प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय थरांच्या) पडद्याला मात्र असे बरेच थर लागतात, आणि तिथे निर्वातात वाफेने बसवलेल्या लहान रेणूंनी बाजी मारली. सौरघटात २०१९ मध्ये वाय-६ नावाच्या लहान रेणूने फुलरीनची जागा घेतली, कार्यक्षमता १५ टक्क्यांपुढे गेली, आणि त्याच्या जोडीला इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ पॉलिमरच होता.