झेडएक्स स्पेक्ट्रम : मेमरी व साठवणीचा विस्तार

केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये जाहीर केलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाची मेमरी वाढवण्याचे आणि त्याला कॅसेटपेक्षा वेगवान साठवण जोडण्याचे काम. यंत्र बाजारात नवे होते तेव्हाच ते सुरू झाले आणि हौशी मंडळी आजही करतात. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने याच घराण्यातला स्पेक्ट्रम प्लस परवान्याने विकला, त्यामुळे आपल्याकडेही काही माळ्यांवर हे यंत्र सापडू शकते.

स्पेक्ट्रम दोन रूपांत मिळे : १६ केबीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक क्रमांक, म्हणजे पत्ता असतो, आणि त्याच्या झेड८०ए प्रोसेसरला एकूण ६४ केबी एवढेच पत्ते ठाऊक. त्यांपैकी पहिल्या १६ केबींत रॉम (न पुसली जाणारी, कायमची मेमरी), म्हणजे बेसिक भाषा आणि यंत्राचा सगळा कारभार. पुढच्या १६ केबींत मूळ रॅम (कामापुरती, वीज गेली की पुसली जाणारी मेमरी). तीतले ६,९१२ बाइट पडद्यावरच्या चित्रालाच लागतात. उरलेले ३२ केबी स्वस्त मॉडेलमध्ये रिकामे. स्पेक्ट्रमचा विस्तार हा मुळात याच जागेचा प्रश्न आहे.

रिकामी जागा भरणे त्यातल्या त्यात सोपे. बोर्डाच्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्यासाठी जागा राखलेली होती : आठ मेमरी चिप आणि त्यांना हाकणाऱ्या चार लॉजिक चिप बसवल्या की १६ चे ४८ झाले. या मेमरी चिपमध्ये सिंक्लेअरची काटकसर दिसते. ४५३२ या क्रमांकाची चिप प्रत्यक्षात ६४ किलोबिटची, पण तिचा अर्धा भाग कारखान्यातच सदोष निघालेला. म्हणून ती अर्ध्या क्षमतेची म्हणून स्वस्तात विकलेली. कोणता अर्धा भाग चांगला, हे बोर्डावरच्या तारेच्या एका जोडणीने सांगावे लागे, आणि आठही चिप एकाच बाजूने चांगल्या असाव्या लागत. आज त्या जागी धडधाकट ४१६४ चिप बसतात.

काम जमले की नाही, ते यंत्रच सांगते. ‘प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३’ अशी बेसिकमधली ओळ दिली (‘पीक’ म्हणजे त्या पत्त्यावरचा बाइट वाच) आणि उत्तर ६५५३५ आले तर ४८ केबी पूर्ण. ३२७६७ आले तर वरची मेमरी यंत्राला सापडलेलीच नाही. सुरू होताना रॉम प्रत्येक बाइट तपासते आणि शेवटचा चांगला पत्ता याच ठिकाणी नोंदवून ठेवते.

खरी डोकेदुखी मूळ रॅमच्या १६ केबींची. तिथल्या ४११६ चिपना अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. उणे ५ गेले की चिप तापून मरतात. स्पेक्ट्रमला चालू-बंदचे बटणच नाही; वीज तोडायची तर अ‍ॅडॅप्टरची पिन उपटायची. साहजिकच पुष्कळांनी यंत्र चालू असतानाच मागे उपकरणे खुपसली, एज कनेक्टरवर (बोर्डाच्या मागच्या कडेवरच्या उघड्या जोडपट्टीवर) शॉर्ट झाला आणि मेमरी गेली. त्यामुळे दुरुस्ती करणारा माणूस विस्ताराला हात घालण्याआधी मल्टिमीटर घेऊन हे तीन व्होल्टेज मोजतो. आता या आठही चिपच्या जागी बसणारी, फक्त ५ व्होल्टवर चालणारी छोटी बोर्डे मिळतात. मूळपणाचा फार आग्रह नसेल तर तोच शहाणपणा.

मागच्या या एज कनेक्टरवर प्रोसेसरच्या पत्त्यांच्या आणि डेटाच्या सगळ्या तारा उघड्यावर आणलेल्या आहेत. आधीच्या झेडएक्स८१ मध्येही हीच पद्धत होती, आणि तिथला १६ केबीचा रॅम पॅक जरासा डुगडुगला की तासाभराचे टंकन पुसले जाई. पण याच उघडेपणामुळे कोणालाही साठवणीचे उपकरण बनवता आले.

कॅसेटवरून ४८ केबीचा खेळ चढायला चार-पाच मिनिटे लागत. त्यावर सिंक्लेअरने १९८३ मध्ये मायक्रोड्राइव्ह काढला : सुमारे ५ मीटर फितीचे बिनटोकाचे वेटोळे, काही सेकंदांत एक फेरी, साठवण निदान ८५ केबी. अडचण अशी की तो चालवणारा प्रोग्राम ठेवायचा कुठे? ६४ केबी तर भरलेले. मायक्रोड्राइव्ह स्पेक्ट्रमला जोडणाऱ्या इंटरफेस १ या उपकरणाने त्यावर मोठी गमतीची तोड काढली. बेसिकला न कळणारी आज्ञा आली की रॉम चूक जाहीर करण्यासाठी ८ या पत्त्यावर उडी मारते. इंटरफेस नेमकी त्या पत्त्यावर पाळत ठेवतो, मूळ रॉम बाजूला सारून स्वतःची ८ केबी रॉम तिथे आणतो आणि ही आज्ञा आपली आहे का ते पाहतो.

फ्लॉपी ड्राइव्ह जोडणाऱ्या बीटा डिस्क इंटरफेसची युक्ती तर त्याहून सरस. १५६१६ पासून पुढे रॉममध्ये अक्षरांची चित्रे आहेत. प्रोसेसर ती वाचतो, पण प्रोग्राम म्हणून कधीच चालवत नाही. म्हणून ‘रँडमाइझ यूएसआर १५६१६’ अशी आज्ञा देऊन प्रोसेसरला मुद्दाम तिथे पाठवले, की इंटरफेसला कळते आपल्याला बोलावणे आले. ब्रिटनमध्ये जन्मलेली ही पद्धत सोव्हिएत संघात आणि पुढे रशियात स्पेक्ट्रमच्या नकलांवर घरोघर रुजली. तिथे एका फ्लॉपीवर ६४० केबी मावत.

त्याच पत्त्यांवर आलटूनपालटून वेगळी मेमरी आणायची, हाच मार्ग रॅमलाही शेवटी धरावा लागला. १२८ केबीच्या स्पेक्ट्रममध्ये (स्पेनमध्ये १९८५, ब्रिटनमध्ये १९८६) १६ केबीचे आठ कप्पे आहेत आणि ३२७६५ या पोर्टवर (प्रोसेसर बाहेरच्या भागांशी बोलतो त्या क्रमांकावर) आकडा पाठवून हवा तो कप्पा वरच्या १६ केबींत आणता येतो. १९८७ च्या प्लस ३ मध्ये ३ इंची डिस्क ड्राइव्हही आतच आला. आज त्याचा रबरी पट्टा बहुधा सैल पडलेला किंवा विरघळलेला सापडतो आणि पहिला खर्च त्याच्यावरच होतो.

हल्ली सर्वाधिक दिसतात ती चेक हौशींनी घडवलेली, हार्ड डिस्क जोडता येणारी डिव्हआयडीई आणि तिच्या धर्तीवरची, एसडी कार्ड वापरणारी डिव्हएमएमसी ही उपकरणे. तीही रॉमच्या पत्त्यांवर टपून बसतात : कॅसेट वाचण्याच्या क्रियेला मधेच अडवून टेपऐवजी कार्डावरची फाइल देतात, आणि बटण दाबले की फायलींची यादी पडद्यावर आणतात. इंटरफेस १ आणि डिव्हएमएमसी एकाच वेळी जोडून मात्र सहसा जमत नाही. दोघांचाही डोळा रॉमच्या त्याच १६ केबींवर असतो.