अभ्यासक्रम आणि बोर्ड: घरी शिकणाऱ्या भावंडांसाठी निवड करताना

ठाण्यात एखाद्या घराने मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायचे ठरवले, की आजी-आजोबांपासून लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "मग बोर्ड कोणता घेतलात?" मूल सहा वर्षांचे असले तरी प्रश्न तोच असतो आणि काहीतरी उत्तर दिले पाहिजे म्हणून पालकही एखाद्या बोर्डाचे नाव सांगून मोकळे होतात. आमच्या घरातही सुरुवात अशीच झाली. धाकटी सात वर्षांची, थोरला तेरा वर्षांचा, आणि दोघांसाठी "एकच काहीतरी घेऊन टाकू" या विचाराने आम्ही पहिले वर्ष बरेचसे वाया घालवले. त्यामागे दोन गोष्टींची गल्लत होती. अभ्यासक्रम ही एक गोष्ट आहे आणि बोर्ड ही दुसरी.

कोणत्या वयात काय शिकायचे, कोणत्या क्रमाने आणि किती खोलात शिकायचे, याची आखणी म्हणजे अभ्यासक्रम. शेवटी परीक्षा घेऊन, पुढच्या प्रवेशाला चालेल असे गुणपत्रक हातात ठेवणारी संस्था म्हणजे बोर्ड. शाळेत या दोन्ही गोष्टी एकाच दारातून येतात; वर्गात शिकवले जाते तेच परीक्षेत विचारले जाते आणि पुस्तकावर बोर्डाची छाप असते, त्यामुळे त्या वेगळ्या आहेत हे कळण्याची वेळच येत नाही. घरी शिकवायला घेतले की त्या सुट्या होतात. सुट्या झालेल्या गोष्टी सुट्याच निवडाव्या लागतात, आणि कोणती आधी निवडायची हे मुलाच्या वयावर ठरते.

या दोहोंत पाठ्यपुस्तकाचीही भर पडते. 1967 मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीचे पूर्ण नाव 'महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ' असे आहे. म्हणजे संस्थेच्या नावातच पाठ्यपुस्तक आणि अभ्यासक्रम ही दोन कामे वेगळी सांगितलेली आहेत. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक', 'बासष्ट'ऐवजी 'साठ दोन' असे संख्यावाचन आले तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. तो वाद पुस्तकाच्या पद्धतीवर होता. मुलाला 99 पर्यंतच्या संख्या वाचता याव्यात ही अभ्यासक्रमाची अपेक्षा दोन्ही बाजूंना मान्यच होती. घरी शिकवणाऱ्याने अपेक्षा तेवढी उचलावी. 'बासष्ट' म्हणायचे की 'साठ दोन', हे आपल्या मुलीच्या तोंडात काय बसते ते पाहून ठरवावे. (आमच्याकडे 'बासष्ट'च राहिले, कारण आजीने दुसरे काही चालू दिले नाही.)

सात वर्षांच्या मुलीला बोर्ड लागत नाही. तिला लागतो तो अभ्यासक्रम, आणि तोही फार जाडजूड नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 या वयोगटाला पायाभूत स्तर म्हटले आहे, आणि या स्तराचा भर वाचता येणे व संख्या कळणे यांवर आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेरची अपेक्षा सरळ शब्दांत दिली आहे: मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला किमान 60 शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा आणि 9999 पर्यंतच्या संख्या लिहाव्या-वाचाव्यात. एवढे लक्ष्य समोर ठेवले, बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळणारी पुस्तके उतरवून घेतली आणि घरातल्या गोष्टींच्या पुस्तकांची त्यात भर घातली, तर या वयाचा अभ्यासक्रम जवळजवळ पूर्ण होतो.

आम्ही मात्र आधी एक तयार परदेशी संच मागवला होता. छपाई सुरेख, खोकेही सुरेख. गणिताच्या वहीत पेनी आणि डाइम ही अमेरिकी नाणी मोजायची होती, लांबी इंचांत होती आणि 'ऋतू' या धड्यात हिवाळा म्हणजे बर्फ. नौपाड्यातल्या भाजीवाल्याकडून वीस रुपये परत घेताना अडखळणाऱ्या मुलीला डाइमची बेरीज शिकवणे किती हास्यास्पद आहे हे कळायला आम्हांला दोन महिने लागले. संच विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने अभ्यासक्रमच विकला होता, फक्त तो दुसऱ्या गावचा होता. त्याहून मोठी चूक अशी, की थोरल्यासाठीही त्याच प्रकाशकाचा वरच्या इयत्तेचा संच घेतला होता. त्याने तो मन लावून सोडवला, आणि वर्षाअखेर आम्ही दहावीच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवल्या तेव्हा इतिहास, भूगोल आणि दोन भाषा यांची पाटी जवळपास कोरी होती.

तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत क्रम उलटा लागतो. त्याच्यासाठी बोर्ड आधी ठरवावा आणि त्या परीक्षेपासून मागे मोजत अभ्यासक्रम आखावा. सीबीएसईची दहावी शाळेच्या पटावर नाव असल्याशिवाय देता येत नाही असेच धरून चालावे. मग मराठी घरांसमोर मुख्यतः दोन वाटा उरतात आणि त्यांचीही आपसांत सारखी गल्लत होते: राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस.

17 नंबरचा फॉर्म भरणारा मुलगा खाजगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाचीच दहावी देतो. शाळेतल्या मुलांचीच प्रश्नपत्रिका, तेच तीन भाषांचे पेपर, तेच गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे, तीच फेब्रुवारी-मार्चमधली परीक्षा. गुणपत्रकही त्याच मंडळाचे असल्याने पुढे अकरावीला कोणी भुवया उंचावत नाही. ठाणे जिल्हा मुंबई विभागीय मंडळात येतो आणि त्याचे कार्यालय वाशीला आहे, त्यामुळे अडलेल्या कामासाठी ट्रान्स-हार्बरची लोकल पकडली की पोचता येते. पण या वाटेवर लवचीकपणा कमी आहे. अर्ज परीक्षेच्या कितीतरी महिने आधी भरावा लागतो. प्रत्येक विषयातले 20 गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, आणि त्यासाठी अर्ज ज्या शाळेमार्फत गेला तिच्याकडे जावे लागते. अर्जासोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, नसेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. ज्या मुलाने शाळेचे तोंडच पाहिलेले नाही, त्याच्या पालकांनी ही अट लहानपणीच लक्षात घेतलेली बरी.

एनआयओएस हे वेगळेच बोर्ड आहे. 1989 मध्ये ते राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने सुरू झाले आणि 2002 पासून आजचे नाव आले. दहावीला बसण्यासाठी 14 वर्षे पूर्ण हवीत. किमान पाच विषय, त्यांत निदान एक भाषा, एवढी चौकट पाळली की विषय आपण निवडायचे. गृहविज्ञान, चित्रकला असे विषयही त्यात आहेत, आणि मराठी माध्यमही आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि तेवढ्या काळात नऊ संधी मिळतात, म्हणून दोन विषय आता, दोन पुढच्या खेपेला अशी परीक्षा फोडून देता येते. घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना 20 टक्के भार असतो.

या सवलती ऐकून बरेच पालक एनआयओएसला 'सोपा अभ्यासक्रम' म्हणतात, आणि इथे मूळची गल्लत पुन्हा डोके वर काढते. सोपी झाली ती परीक्षेची वेळ आणि विषयांची निवड. विज्ञानाचे पुस्तक काही पातळ झालेले नाही. गणित वगळता येते हेही खरे, पण मुलाला पुढे विज्ञान शाखेकडे जायचे असेल तर चौदाव्या वर्षी वगळलेले गणित सोळाव्या वर्षी आडवे येते. माझे मत विचाराल तर, तीन भाषांत बऱ्यापैकी रमणाऱ्या आणि दाखला हातात असलेल्या मुलाने 17 नंबरचा फॉर्म भरावा. खेळ, संगीत किंवा आजारपण यांमुळे ज्याचे वर्ष ठरल्या वेळापत्रकात बसत नाही त्याने एनआयओएस घ्यावे. आमच्या थोरल्याला संस्कृत आवडते आणि घाईही आवडते, त्यामुळे आमचे 17 नंबरवर ठरले.

बोर्ड एकदा ठरला की आठवीपासून दहावीपर्यंतचा अभ्यासक्रम त्याच्या पुस्तकांभोवती फिरतो, आणि ते स्वाभाविक आहे. म्हणूनच मोठ्याच्या बोर्डाचा 'खालचा' संच धाकटीच्या माथी मारू नये. एका घरात दोन मुले असली की वेळ वाचवण्यासाठी हा मोह होतोच. गणित आणि भाषा प्रत्येकाची वेगळी ठेवावी; तिथे वयाचे अंतर झाकता येत नाही. परिसर, विज्ञान आणि इतिहास यांत मात्र दोघांना एका विषयावर बसवता येते, अट एवढीच की दोघांकडून वेगळी अपेक्षा ठेवायची.

याचे उदाहरण आमच्या खाडीचे देतो. ठाणे खाडीला 2015 मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून दर्जा मिळाला. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्रही आहे. हिवाळ्यात तिकडे गेलो तेव्हा धाकटीचे काम होते पक्षी दहा-दहाच्या गटांत मोजणे आणि तिवराच्या पानावरून बोट फिरवून त्यावर आलेले मीठ पाहणे. चिखलातून वर आलेली मुळे कशासाठी, असे तिने विचारले. झाडाला श्वास घ्यायला, एवढे उत्तर तिला पुरले. थोरल्याचे काम भरतीचे होते. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा आहे, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. आजोबांना पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, अजून पाठ असल्याने त्यांनी हे बोटांवर सांगितले. थोरल्याने ते वहीत मांडले आणि त्याच्या लक्षात आले, की अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतच्या पंधरा तिथींत भरती घड्याळाचा पूर्ण फेरा, म्हणजे बारा तास, पुढे सरकत असेल तर प्रत्येक तिथीला 48 मिनिटे हवीत; पाऊण तास म्हणजे 45 मिनिटांचीच. तीन मिनिटांची ही तूट पंधरा तिथींत पाऊण तासाची होते. आजोबांना हे फारसे पटले नाही. मग दोघांनी बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते काढून पडताळा घ्यायचे ठरवले, आणि ठाणे शहर खाडीच्या आतल्या टोकाला असल्याने इथे पाणी आणखी उशिरा चढते हे त्यातून पुढे आले.

त्या एका सकाळीत धाकटीची संख्याओळख आणि थोरल्याचे गुणोत्तर व प्रमाण दोन्ही झाले. थोरल्याच्या दहावीत भरतीवर प्रश्न येईलच असे नाही, म्हणून घरी आल्यावर त्याने भूगोलाच्या पुस्तकातला त्या भागाचा स्वाध्यायही लिहून काढला. त्याला तेवढा बोर्डाचा विचार करावाच लागतो, धाकटीला अजून नाही.

नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांविषयी थोडक्यात सांगता येते. त्यांनाही बोर्ड लागत नाही, पण परतीची वाट उघडी ठेवलेली बरी, म्हणून राज्याच्या अभ्यासक्रमापासून फार लांब जाऊ नये. निदान मराठी, इंग्रजी आणि गणित यांत त्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे वर्षाअखेर मुलाला काय यावे याच्या अपेक्षा, वर्षातून एकदा ताडून पाहाव्यात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवण्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, पण त्यासाठी शिक्षा सांगितलेली नाही. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, त्यामुळे आठवीपर्यंत शाळेत परतणे शक्य असते. मधल्या वयात कागद हवाच असेल तर महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या पातळीवरच्या परीक्षा आहेत, तसेच एनआयओएसच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे तीन स्तर आहेत.

धाकटीचे नाव शाळेतून काढले त्या दिवशी आम्ही दाखला न घेताच घरी आलो होतो, कारण "सातव्या वर्षी कशाला लागतोय" असे वाटले. थोरल्याचा फॉर्म समजून घेतल्यावर परत जाऊन तिचाही दाखला मागून आणला, आणि आता तो त्याच्या दाखल्यासोबत एकाच फायलीत आहे.