आईबाबांना अक्षरं दिसेनाशी झालीयत? अमेरिकेतल्या फुकट टॉकिंग बुकसाठी अर्ज कसा करायचा

माझे बाबा म्हणजे पेपर हातात आल्याशिवाय चहाला हात न लावणारा माणूस. इथे अमेरिकेत आमच्याकडे कायमचे राहायला आले आणि पुढच्या काही वर्षांत मॅक्युलर डीजनरेशनने नजरेचा मधलाच भाग गेला. म्हणजे घरात फिरतात, टेबल-खुर्ची दिसते, पण ओळ वाचायला गेलं की मधोमध डाग. वाचन बंद झालं तसं बोलणंही कमी झालं. आणि आम्हाला वाटत होतं की लायब्ररीच्या अंधांसाठीच्या सोयी पूर्ण दिसत नाही त्यांच्यासाठीच असतात, त्या गैरसमजात जवळजवळ वर्ष गेलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितेय.

वॉशिंग्टनमधली लायब्ररी ऑफ काँग्रेस सगळ्यांना माहीत असते, पण तिचाच एक विभाग आहे, नॅशनल लायब्ररी सर्व्हिस फॉर द ब्लाइंड अँड प्रिंट डिसेबल्ड, सगळे एनएलएस म्हणतात. छापील वाचता न येणाऱ्यांना हा विभाग रेकॉर्ड केलेली पुस्तकं, म्हणजेच टॉकिंग बुक, फुकट ऐकायला देतो. १९३१ च्या कायद्याने ही सेवा सुरू झाली तेव्हा ती फक्त अंध प्रौढांसाठी होती, १९५२ मध्ये मुलं आली, १९६६ मध्ये शारीरिक अडचणीमुळे पुस्तक हाताळता न येणारे लोक आले. २०१९ मध्ये नावात 'प्रिंट डिसेबल्ड' शब्द आला. हा शब्द नीट लक्षात ठेवा, कारण पात्रता सगळी त्यातच आहे: छापील पुस्तक नेहमीसारखं वाचता येत नाही, एवढंच बघतात.

म्हणजे कोण कोण बसतं यात? पूर्ण अंध तर आहेतच. पण चष्मा लावूनही साध्या टायपातलं वाचता येत नाही तेही बसतात, पार्किन्सनने हात थरथरतो किंवा संधिवाताने पान उलटत नाही, पुस्तक धरवत नाही तेही बसतात, आणि डिस्लेक्सिया असलेली मुलंसुद्धा. वयाची अट नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, एक पैसा फी नाही. अट एवढीच की अमेरिकेचा रहिवासी हवा, किंवा बाहेर राहणारा अमेरिकन नागरिक. रहिवासी असाल तर नागरिकत्व लागत नाही. दोन-चार महिन्यांसाठी फिरायला आलेल्या आईबाबांना मात्र हे लागू नाही.

अर्ज वॉशिंग्टनला नाही, तुमच्या राज्याचं काम बघणाऱ्या नेटवर्क लायब्ररीकडे जातो. एनएलएसच्या वेबसाइटवर राज्य निवडलं की ती कुठली ते कळतं आणि फॉर्म तिथेच मिळतो. नेट जमत नसेल तर १-८८८-६५७-७३२३ या टोल फ्री नंबरवर फोन करा.

फॉर्ममध्ये नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन, आणि संपर्कासाठी घरातलं दुसरं कोणी, इथे मुलाचा किंवा सुनेचा नंबर टाका. मग अडचण कुठली त्यावर टिक करायची. आणि मग येतं ते सगळ्यात महत्त्वाचं पान, सर्टिफिकेशनचं, ज्यात कोणीतरी अधिकृत माणसाने सही करून सांगायचं की हो, यांना वाचता येत नाही. आमचा फॉर्म इथेच अडला आणि परत आला, कारण मी मुलगी म्हणून सही ठोकून मोकळी झाले होते. नातेवाइकाची सही चालत नाही, घरात कोणी डॉक्टर असलं तरी नाही.

पण सही डोळ्यांच्या मोठ्या स्पेशालिस्टचीच हवी असंही नाही, लोक इथेच घाबरतात आणि अपॉइंटमेंटसाठी दोन महिने थांबतात! फॅमिली डॉक्टर, ऑप्टोमेट्रिस्ट, रजिस्टर्ड नर्स, थेरपिस्ट, सोशल वर्कर, एवढंच काय तुमच्या गावातल्या पब्लिक लायब्ररीतला लायब्रेरियनसुद्धा सही करू शकतो. डिस्लेक्सियासाठी आधी डॉक्टरच लागायचा, २०२१ पासून ती अट गेली, आता शाळेतले शिक्षक किंवा स्कूल सायकॉलॉजिस्ट चालतात. आम्ही शेवटी गावातल्या लायब्ररीत बाबांना घेऊन गेलो, पाच मिनिटांत काम झालं.

आवडीनिवडीचा भाग मात्र घाईत भरू नका. कुठले विषय हवेत, शिवीगाळ किंवा मारामारी असलेली पुस्तकं नकोत का, लायब्ररीने स्वतः निवडून पाठवायची की मागाल तेवढीच, हे विचारतात. ज्याला ऐकायचंय त्याच्या शेजारी बसून भरा. बाबांनी इतिहास आणि प्रवासवर्णनं सांगितली, मी आपली भक्तिपर लिहायला निघाले होते.

मंजूर झालं की पुस्तक ऐकायचं मशीन घरी येतं, मोठ्या बटणांचं. वापरात आहे तोवर ठेवायचं, विकत घ्यायचं नाही. पुस्तकं मशीनमध्ये बसवायच्या कार्ट्रिजवर, प्लास्टिकच्या डबीत पोस्टाने येतात, आणि परत करताना डबीवरचं पत्त्याचं कार्ड उलटं फिरवून डबी पोस्टात टाकायची, तिकीट लावायचं नाही कारण अंधांसाठीची टपाल सेवा मोफत आहे. ज्यांना फोन जमतो त्यांच्यासाठी बार्ड नावाची डाउनलोडची सोय आणि तिचं ॲप आहे, तिथे ईमेल देऊन वेगळी नोंदणी करावी लागते. ते खातं ज्याच्या नावावर आहे त्यानेच वापरायचं, बाकी घराने नाही.

आता मराठीचं. खरं सांगायचं तर संग्रह मुख्यतः इंग्रजी, त्यानंतर स्पॅनिश, त्यामुळे इंग्रजी अजिबात न समजणाऱ्या आजीला यातून फार मिळेल असं सांगणार नाही. तरी अर्जात मराठी ही भाषा जरूर लिहा, कारण अशी पुस्तकं देशादेशांत देवाणघेवाण करता यावीत म्हणून माराकेश करार आहे, भारताने तो २०१४ मध्ये सगळ्यात आधी मान्य केला आणि अमेरिका २०१९ मध्ये त्यात आली, आणि मागणी नोंदवलेली असली तर लायब्ररीला शोधायला कारण मिळतं. शिवाय लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली ऑफिसने दक्षिण आशियातल्या लेखकांचे आवाज रेकॉर्ड केलेत, त्यात मराठी लेखक-कवी स्वतःचं लेखन वाचतात. ते ऐकायला कुठलाच अर्ज लागत नाही, लायब्ररीच्या साइटवर सगळ्यांना खुलं आहे.

अमेरिकन पासपोर्ट घेऊन पुण्याला किंवा नाशिकला परत गेलेल्यांनाही नाव नोंदवता येतं, फक्त अर्ज राज्याकडे नाही तर थेट एनएलएसकडे करायचा.

आणि महाराष्ट्र मंडळ चालवणाऱ्यांना एक विनंती. सीनियर मंडळींच्या भेटीगाठी असतात तेव्हा तुमच्या राज्याच्या नेटवर्क लायब्ररीला फोन करून विचारा, मशीन दाखवायला कोणी येऊ शकेल का. सोबत कोरे फॉर्म ठेवा, आणि सही करू शकेल अशी एखादी नर्स मंडळातच असते, तिलाही बोलवा.