चष्मा घसरतो नाकावर, दुरुस्ती असते कानामागे

चष्मा सारखा खाली यायला लागला की आपण दुकानात जाऊन म्हणतो, "जरा घट्ट करून द्या." काड्या आत वाकवून मिळतात, चष्मा कानशिलांना आवळतो आणि थोडे दिवस बरं वाटतं. मग कानशिलं ठणकतात आणि चष्मा घसरायचा थांबतच नाही, उलट कधीकधी जास्तच घसरतो. कारण डोक्याच्या आकारात आहे. वरून पाहिलं तर डोकं कानशिलापासून कानाकडे रुंद होत जातं. काडी कानाच्या आधीच डोक्याला दाबून बसली, तर तो दाब तिरक्या उतारावर पडतो आणि चष्म्याला पुढे ढकलतो. ओली साबणवडी मुठीत आवळली की सटकते, तसंच.

नीट बसलेला चष्मा तीनच ठिकाणी टेकतो, नाकावर आणि दोन्ही कानांवर. कानशिलाला काडीचा फार तर हलका स्पर्श व्हावा. पुढे येणाऱ्या चष्म्याला अडवते ती काडीच्या टोकाची बाक. कानाचा वरचा भाग डोक्याला जिथे मिळतो, तिथली खाच संपली की लगेच ही बाक सुरू व्हायला हवी. ती फार मागे असेल, तर बाक कानाला अडेपर्यंत चष्मा घसरत राहतो. फार पुढे असेल, तर कानाच्या मुळाशी दुखतं. चष्मा घालून कानामागे बोट फिरवून पाहा. बाक आणि कान यांच्यात बोटाचं टोक सहज शिरत असेल, तर दोष बहुधा तिथेच आहे.

कानांचा हा आधार चष्म्याला फार उशिरा मिळाला. इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस चष्मे आले, पण कानापर्यंत जाणाऱ्या काड्या यायला अठरावं शतक उजाडलं. मधली चारशेहून अधिक वर्षं माणसं चष्मा हातात धरत होती, नाहीतर नाकावर कसाबसा तोलत होती.

चष्मा तिरका दिसतो, तेव्हाही आपण नाकाला बोल लावतो. पण दोन्ही कान एका पातळीवर असतीलच असं नाही. गंमत म्हणजे, ज्या बाजूची काच खाली आली आहे, त्या बाजूची काडी खाली वाकवली की काच वर येते.

भार मात्र मुख्यतः नाकालाच सोसावा लागतो, कारण काचा पुढे असल्याने वजनही पुढेच असतं. तीसेक ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात. पण त्वचेला जाणवतो तो दाब, म्हणजे ते वजन किती जागेवर पसरलंय ते. नाक वरून खाली रुंद होतं आणि शेंड्याकडून गालाकडेही रुंद होतं. नोज पॅड, म्हणजे फ्रेमची नाकावर टेकणारी छोटी गादी, या दोन्ही उतारांना समांतर असेल, तर सबंध पॅड टेकतो. कोन चुकला की सगळा भार पॅडच्या कडेवर येतो आणि लाल खळी पडते. हे महिनोन् महिने चाललं तर काहींची त्वचा तिथे जाड होऊन मधोमध चिरते. त्वचारोगतज्ज्ञ त्याला 'अकँथोमा फिशरॅटम' म्हणतात. त्याचं दिसणं असं, की कधीकधी त्वचेच्या कर्करोगाचा संशय येतो, आणि उपचार मात्र बहुतेकदा चष्मा नीट बसवणं एवढाच! तरीही न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

पॅड एकमेकांजवळ आणले की चष्मा वर चढतो, फाकवले की खाली उतरतो. प्रोग्रेसिव्ह काचेत, म्हणजे वर दूरचा आणि खाली वाचायचा नंबर असलेल्या काचेत, एक-दोन मिलिमीटर घसरण्यानेही फरक पडतो, कारण वाचायचा भाग खाली जातो आणि हनुवटी उचलून वाचावं लागतं. मोठ्या मायनस नंबरात तर घसरलेला चष्मा नंबरच बदलतो. उणे ८ची काच डोळ्यापासून ५ मिलिमीटर पुढे सरकली, तर तिचा परिणाम साधारण उणे ७.७ इतकाच उरतो. दूरचं अंधुक दिसतं आणि आपल्याला वाटतं, नंबर वाढला.

फ्रेम निवडतानाच बरंच काही ठरून जातं. काडीच्या आतल्या बाजूला ५२, १८, १४० असे आकडे असतात. काचेची रुंदी, दोन काचांमधलं अंतर आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. जाड प्लॅस्टिक फ्रेमचा नाकावरचा भाग सहसा फ्रेममध्येच घडवलेला, न हलणारा असतो, त्यामुळे मधला आकडा नाकाला जुळायलाच हवा. नाकाचा उंचवटा कमी असेल, तर हलवता येणारे पॅड असलेली फ्रेम बरी. मायनस काच कडेला जाड असते, म्हणून मोठ्या नंबराला मोठी फ्रेम घेतली की वजन वाढतं.

घाम आणि त्वचेचं तेल यांनी पॅड निसरडे होतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत ते रोज साबणाने धुवावेत, आणि पिवळे, कडक झाले की बदलून घ्यावेत. प्लॅस्टिकची काडी मात्र घरी वाकवू नये. दुकानात ती आधी गरम करून मऊ करतात, थंड काडी तुटू शकते.

लहान मुलांच्या नाकाचा उंचवटा अजून वाढायचा असतो, म्हणून त्यांचा चष्मा सर्वांत जास्त घसरतो. मूल चष्म्याच्या वरून बघत असेल, तर त्याला रागावू नका, आधी चष्मा तपासून घ्या. कानाभोवती पूर्ण वळणाऱ्या काड्या किंवा डोक्यामागून जाणारा पट्टा दुकानात मागितला तर मिळतो.