भारतभूषण की प्रदीपकुमार?

मृगाचा पाऊस लागला की आमच्या तळकोकणातल्या गजालींच्या ग्रुपवर हमखास येणारं गाणं म्हणजे 'जिंदगी भर नहीं भूलेगी'. खाली कुणीतरी लिहितोच, 'व्वा, काय तो प्रदीपकुमार!' तो असतो भारतभूषण. दोघंही जुन्या हिंदी चित्रपटांतले नायक.

घोळ होणारच. हे गाणं ज्यातलं तो 'बरसात की रात' (१९६०) भारतभूषण आणि मधुबालाचा, 'भीगी रात' (१९६५) प्रदीपकुमार आणि मीनाकुमारीचा. दोन्हींना संगीत रोशनचं, दोन्हीकडे रफीचा आवाज आणि दोन्ही नावांत पावसाची रात्र. खूण शोधायची ती गाण्याच्या सुरात. भारतभूषणचा शायर रेडिओवर गातो आणि एका भेटीच्या आठवणीतच हरवलेला असतो. प्रदीपकुमारचं 'दिल जो न कह सका' म्हणजे भर मैफलीत हसत हसत मारलेले टोमणे.

दशावतार पाहून वाढलेल्यांसाठी सांगायचं तर प्रदीपकुमार म्हणजे राजपार्टी, राजाचं काम करणारा नट. बाकड्यावर येऊन बसला की तेच सिंहासन. १९२५ साली कोलकात्यात जन्मलेला हा बंगाली माणूस, मूळ आडनाव बटब्याल. 'अनारकली'त (१९५३) तो सलीम झाला, 'ताजमहल'मध्ये (१९६३) शहाजहान. तलवारकट मिशी, ताठ मान, अंगावर दागिने. राजाला फारशी हालचाल करावी लागत नाही, हे त्याच्या पथ्यावर पडलं असं माझं मत.

भारतभूषण मेरठचा, जन्म १९२०चा. त्याच्या वाट्याला गाणारे, लिहिणारे आणि सोसणारे आले: बैजू, गालिब, कालिदास. 'बैजू बावरा'ने (१९५२) त्याला घराघरांत नेलं आणि चैतन्य महाप्रभूंच्या भूमिकेसाठी त्याला फिल्मफेअरही मिळालं. त्याचाही चेहरा फार बोलत नसे, पण ते अवघडलेपण कवीला शोभून जायचं. 'बसंत बहार'मध्ये (१९५६) तर 'केतकी गुलाब जूही'च्या जुगलबंदीत तो चक्क भीमसेन जोशींच्या आवाजाला हरवतो. अर्थात त्याच्यासाठी गायले होते मन्ना डे, आणि पंडितजींना हरवायचं या कल्पनेनंच त्यांना घाम फुटला होता म्हणतात.

तेव्हा मुकुट असेल तर प्रदीपकुमार आणि तंबोरा असेल तर भारतभूषण, असा नियम करता येईल. पण 'चित्रलेखा' (१९६४) तो मोडते. 'मन रे तू काहे ना धीर धरे' इतकं विरक्त गाणं, डोळे मिटून ऐकलं तर कुणीही भारतभूषणच म्हणेल. पडद्यावर मात्र प्रदीपकुमार आहे. गंमत म्हणजे दिग्दर्शक केदार शर्मांनी हीच कथा १९४१ साली एकदा केली होती आणि भारतभूषणचं पदार्पण त्याच चित्रपटातलं! आणि 'ताजमहल'पाठोपाठ आलेल्या 'जहाँआरा'त (१९६४) शहाजहानच्या मुलीवर जीव लावणारा नायक पुन्हा भारतभूषण.

पुढे दोघंही चरित्र भूमिकांकडे वळले. भारतभूषणची उतरण जास्त जाचक, शेवटी मिळेल ती छोटी कामं त्याने केली. तो १९९२ साली गेला, प्रदीपकुमार २००१ साली.

आणखी एक. टीव्हीवरच्या 'महाभारता'तला भीम म्हणून प्रदीपकुमारचं नाव घेणारेही भेटतात. तो प्रवीणकुमार. प्रदीपकुमारही 'महाभारता'त होता, पण १९६५च्या चित्रपटात आणि अर्जुन म्हणून. तिथला भीम दारासिंग.