मल्चात दमा: 'सोव्हिएत' शिक्क्यामागचं संगीत

या बँडच्या नावाचा अर्थ 'घरं गप्प आहेत'. लिहितात 'मोल्चात दोमा', पण रशियनमध्ये आघात नसलेला 'ओ' 'अ'कडे झुकतो, म्हणून ऐकू येतं 'मल्चात दमा'. मराठी कानाला आजार वाटेल, त्याला इलाज नाही.

बेलारूसमधल्या मिन्स्कच्या या पोस्ट-पंक त्रिकुटाला 2020 मध्ये टिकटॉकने जगभर नेलं आणि 'सोव्हिएत' हा शिक्का बसला. सगळा घोळ त्या शब्दाचा. बँड 2017 चा, सोव्हिएत संघ 1991 मध्येच मोडला. 'एताझी' या अल्बमच्या (2018) कव्हरवरची काँक्रीटची इमारत स्लोव्हाकियातलं डोंगरातलं हॉटेल आहे, 'मोनुमेंट'वरचं (2020) स्मारक उत्तर कोरियातल्या प्याँगयांगचं. 'सोव्हिएटवेव्ह' हा प्रकारच वेगळा: मवाळ सिंथ (सिंथेसायझर), अंतराळयुगाची हुरहुर. इथे हुरहुर नाही, कोंडी आहे. टिकटॉकवर गाजलेल्या 'सुद्नो' गाण्याचे शब्द 2001 मध्ये वारलेल्या एका रशियन कवीचे. 'सुद्नो'चा एक अर्थ जहाज. कवितेतलं मात्र आजाऱ्याच्या खाटेजवळचं इनॅमलचं भांडं. त्या गाण्यावर लोकांनी टिकटॉकवर कपडे मिरवले.

या संगीताचं खरं मूळ 1979 ते 83 च्या मँचेस्टरमध्ये आणि ऐंशीच्या दशकातल्या लेनिनग्राडमध्ये. मँचेस्टरच्या एका बेसवादकाने बेस (खालच्या स्वरांची गिटार) वरच्या पट्टीत वाजवायला घेतला, कारण गिटारच्या कर्कश अँपपुढे खालचे स्वर त्याचे त्यालाच ऐकू येईनात. लेनिनग्राडकडून आला तो निर्विकार, खर्जातला आवाज.

अशा गाण्याची आजची बांधणी साधी. किक (पायाचा मोठा ड्रम) चारही मात्रांवर, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दुसऱ्या-चौथ्यावर, बेस प्रत्येक मात्रेला दोनदा, पिकने, वर थोडा कोरस (सूर किंचित दुहेरी भासवणारा इफेक्ट). गिटारला एक-दोन तारांवरची छोटी धून पुरते. नवशिके फसतात ते रिव्हर्बमध्ये, म्हणजे आवाजामागे घुमत राहणाऱ्या गुंजेत. काळोख हवा म्हणून तो सगळ्यावर ओततात. किक आणि बेस दोघांचाही जोर साधारण 60 ते 100 हर्ट्झमध्ये. तिथे गुंजेची शेपटी लांबली की चिखल होतो आणि पाय थांबतात. बेस कोरडा ठेवावा, काळोख गायकाच्या आवाजाला आणि स्नेअरला द्यावा, रिव्हर्बमधलं 250 हर्ट्झखालचं कापावं. ड्रम मशीनचे ठोके 'माणसासारखे' मागेपुढे सरकवू नयेत. त्या ताठरपणावरच तर नाचायचं असतं.

या बँडमध्ये ड्रमर नाहीच. मंचावरही ठोका यंत्राचा, त्यामुळे बेसवाला घसरला तर सावरून घ्यायला कुणी नसतं. 'एताझी'तला कॅसेटसारखा धुरकटपणा 2024 च्या 'बेलाया पलासा'त बराच निवळला, सिंथ पुढे आले. शिक्का अजून तोच आहे.