पोट दोन्हींत आत जातं, पण आतला दाब उलटा
ताई ची किंवा छीकुंग हे चिनी व्यायामप्रकार शिकवणारे ‘श्वास घेताना पोट आत’ म्हणाले, की योगासनं करणारा लगेच म्हणतो, ‘हा तर आपला उड्डियान!’ फोटोत फरक कळत नाही हे खरं. आत मात्र अगदी उलटा प्रकार चाललेला असतो.

उड्डियान बंधात आधी पूर्ण रेचक करायचा, म्हणजे श्वास पूर्ण बाहेर सोडायचा. श्वास बाहेरच रोखायचा, घसा बंद ठेवायचा आणि श्वास घेतल्यासारख्या फासळ्या फुलवायच्या, पण हवेचा कणही आत घ्यायचा नाही. छातीची पोकळी वाढते, हवा येत नाही, म्हणून श्वासपटल वर खेचलं जातं आणि त्यामागोमाग पोट. पोटाचे स्नायू इथे सैल हवेत. नवशिके नेमके तेच आवळून धरतात, मग फासळ्यांखालचा तो खोल खळगा पडतच नाही. उड्डियानाच्या पुढची पायरी म्हणजे नौली, पोटाचे उभे स्नायू मधोमध उठवून फिरवायची क्रिया. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी दाबमापक लावून दाखवलं, की नौलीत मोठ्या आतड्यातला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा खाली उतरतो. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंवरून ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटलं.

ताई ची-छीकुंगवाल्यांचा श्वास म्हणजे चीनच्या ताओ परंपरेतला ‘उलटा श्वास’. त्यात रोखणं नाही. श्वास घेताना बेंबीखालचा भाग हलकेच पाठीच्या कण्याकडे न्यायचा, गुदद्वारापुढची जागा किंचित वर उचलायची (मूलबंध करणाऱ्यांना ही ओळखीची वाटेल) आणि श्वास सोडताना पोट पुढे सैल सोडायचं. हवा आत येतेय म्हणजे श्वासपटल खाली उतरतंय, आणि त्याच वेळी पोटाची भिंत आत येतेय. वरून आणि समोरून दोन्हीकडून जागा आवळली, की दाब वाढणारच. बेंबीखालच्या ‘दानथिएन’ या जागी ‘छी’, म्हणजे प्राणशक्ती, साठते हा तिथला विश्वास. मानायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

म्हणून माझ्या मते हा श्वास योगसाधकापेक्षा वजन उचलणाऱ्याला जवळचा. तोही छातीभर श्वास घेऊन, पोट चहूबाजूंनी ताठ करून आतला दाब वाढवतो, म्हणजे कण्याला आधार मिळतो. फक्त तो श्वास कोंडतो आणि जोर कितीतरी जास्त लावतो. पिलाटेस या व्यायामप्रकारातही पोट आत असतं, पण ते श्वास घेताना नि सोडतानाही तसंच, आणि फासळ्या बाजूंना फुलतात. तो तिसराच मामला.

शंका असेल तर नाकपुड्यांखाली बोट धरा. पोट आत जाताना हवाही आत वाहत असेल तर उलटा श्वास, काहीच लागत नसेल तर उड्डियान.

उड्डियान रिकाम्या पोटीच. उलट्या श्वासाआधी पोटाचा साधा, सुलटा श्वास अंगवळणी पडलेला हवा. रक्तदाब किंवा हर्निया असेल, किंवा दिवस गेले असतील, तर दोन्ही नकोत.